दुसऱ्या नंबरची डबी

डबी काडेपेटीहून थोडी लांब, काळी, आणि तिच्या एका अंगाला बोटाच्या पेराएवढी गोल खुंटी… सुनीतीने ती अंगठ्याने फिरवून पाहिली. जराही कुरकुर न करता फिरली, आणि तेवढ्यानेच तिला बरं वाटलं. शेजारी काचेवर आणखी दोन डब्या मांडल्या होत्या. एक हिच्याहून स्वस्त, पांढरी, प्लास्टिकची. दुसरी हिच्याहून महाग, निळे दिवे मिरवणारी, नव्या नवरीसारखी नटलेली. दिल्लीतल्या नेहरू प्लेसच्या त्या बोळकांडीएवढ्या दुकानात शनिवारची गर्दी पाठीला पाठ लावून उभी होती, दुकानदार तिघांशी एकदम बोलत होता, आणि सुनीतीचा हात, तिला न विचारता, सरळ स्वस्त डबीकडे गेला.

जाणारच! मंत्रालयाच्या खरेदी शाखेत उभा जन्म काढलेला हात तो. तीन ठिकाणचे दर मागवायचे, तुलनेचा तक्ता करायचा, अटींत बसणारा सगळ्यांत कमी दर निवडायचा – ऑफिसच्या भाषेत एल-वन – आणि सही ठोकून मोकळं व्हायचं. पंखे एल-वन, खुर्च्या एल-वन, साहेबांच्या टेबलावरची घंटासुद्धा एल-वन, भले ती दाबल्यावर वाजो न वाजो. दुसऱ्या नंबरचा दर, म्हणजे एल-टू, घ्यायचा म्हटलं तर कारणं लिहा, ती वित्त शाखेला पटवा, आणि पुढे ऑडिटवाले विचारतील तेव्हा तीच पुन्हा आठवा… कुणी सांगितलाय उपद्व्याप. बरं, ही सवय ऑफिसातच राहिली असती तर गोष्ट वेगळी, पण आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये मिक्सर एल-वन होता, कूलर एल-वन होता, आणि लेक, कृतिका, एकदा भर पंक्तीत म्हणाली होती, "आई, खरं सांग, बाबापण एल-वनच होते का?" जयंत तेव्हा पानातला भात कालवत राहिला होता, आणि सुनीतीला वाटलं होतं, लागलं वाटतं बिचाऱ्याला.

हात तिने मागे घेतला. याच हाताने घात केला होता – आधीची डबी अशीच आणली होती, तीन ठिकाणचे दर बघून, सगळ्यांत स्वस्त.

भानगड तशी साधी होती. अंध मुलांसाठी मराठी पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करायची, हे सुनीतीचं ऑफिसाबाहेरचं काम; काम कसलं, जीव होता तिचा. आतल्या खोलीचं दार लावायचं, खिडकीवर रजई टांगायची, छोट्या रेकॉर्डरसमोर धडेच्या धडे वाचायचे, मग ते घरातल्या कंप्युटरवर घेऊन, हेडफोन लावून, चुका कापायच्या. आणि उन्हाळा लागता लागता तो आवाज सुरू झाला. वाचताना नाही, दोन वाक्यांच्या मधे. पूर्णविरामानंतर जिथे काहीच नसायला हवं तिथे बारीक किरकिर… माउस हलवला की तीही हलायची, वर जायची, खाली यायची, भुंग्यासारखी कानाशी घोटाळायची. तिने धडा पुन्हा वाचला. किरकिर. रात्रीचा कूलर असेल, गच्चीवरची मोटर असेल म्हणून भल्या पहाटे उठून वाचला. किरकिर! शेवटी पुस्तकांचं सगळं बघणाऱ्या पद्मजाला फोन केला, तर ती म्हणाली, "अगं, स्वच्छ आहे. बिल्कुल स्वच्छ. माझ्याकडे तर टाचणी पडली तरी ऐकू येईल. तुला कुठून ऐकू येतंय?"

तुला कुठून ऐकू येतंय… जयंतने हेडफोन लावून पाहिला, मान हलवली, म्हणाला, काही नाही. कृतिका नोएडाहून शनिवार-रविवारची आली, तिने एक दणदणीत गाणं लावलं, अंगठा वर केला, म्हणाली, "फर्स्ट क्लास आहे की. आई, काहींच्या कानातच आवाज येतो, असतं तसं. दाखवून घे ना यार एकदा." दाखवून घे म्हणे! सुनीतीला एकदम फरीदाबादला भावाकडे राहायची ती आपली आई दिसली. शेवटच्या वर्षांत आई सारखी म्हणायची, कुणी तरी नळ चालू ठेवलाय, बंद करा. सगळे म्हणायचे, नळ बंद आहे हो आजी. मग हळूहळू ते नळाचं बोलणं थांबलं, आणि तिला ऐकू येणंच थांबलं. चारचौघांत आई सगळ्यांच्या नंतर हसायची, दुसऱ्यांची तोंडं बघून… आपलंही तेच होणार. म्हणजे वाचन संपलं. जिला स्वतःचा पूर्णविराम ऐकू येत नाही तिने पोरांच्या कानात काय म्हणून धडे ओतायचे? नाही, तसं असेल तर पद्मजाला सांगून टाकायचं, मी थांबते. हे तिने मनाशी ठरवलं आणि त्या दिवशी पोळ्या करपल्या.

आणि तरी हार मानवत नव्हती. तिने नेटवर वाचून काढलं. कंप्युटरच्या पोटात नाना विजा खेळत असतात, त्यांची कुरबुर हेडफोनच्या भोकातून गळते. तेव्हा आकड्यांचा आवाज करायचं काम पोटाबाहेर काढा, तारेच्या टोकाला एक वेगळी डबी लावून तिच्याकडे सोपवा. डॅक म्हणतात तिला. असल्या डब्या लाखाच्याही असतात. पण चांगली आणि खिशाला झेपणारी मिळते, असं छातीठोकपणे सांगणारेही भेटले. मग काय, तीन ठिकाणचे दर, तक्ता, एल-वन. डबी आली, लावली… किरकिर होती तिथेच, वर एक बारीक शीळ. जयंत सांख्यिकी खात्यातला, त्याने शांतपणे तर्क मांडला: डबी बदलली, आवाज बदलला नाही, म्हणजे आवाज डबीत नाही, मशीनमध्येही नाही. उरलं काय? आणि दुसऱ्याच दिवशी त्याने कानाच्या डॉक्टरची वेळ घेऊन टाकली. आज संध्याकाळची.

म्हणून ती आज सकाळी हेडफोन पिशवीत कोंबून, भाजी आणायला जाते असं धादांत खोटं सांगून, इथे आली होती.

"आंटीजी, ये सुनिए," दुकानदाराने आपल्या कंप्युटरवर एक ढणढण गाणं सोडलं.

"गाना बंद कीजिए."

"जी? फिर सुनेंगी क्या?"

"कुछ नहीं. मुझे कुछ नहीं सुनना है."

दुकानदाराने तिच्याकडे नीट पाहिलं. पाठीमागचा कुणी तरी फिस्कन हसला. हसू दे! सुनीतीने हेडफोन आधी त्याच्या कंप्युटरच्या पोटातच खुपसला, कानांवर घट्ट दाबला, माउस हलवला – आणि ती जवळजवळ ओरडलीच. आहे! तीच! तीच ती भवानी, थोडी जाड आवाजाची, पण तीच… म्हणजे ही काही आर. के. पुरमहून माझ्याबरोबर आलेली नाही. की आलीये? कानात घेऊन आले असेन तर सगळीकडेच ऐकू येणार… पांढरी डबी लावली. शीळ. अर्थात! निळ्या दिव्यांची लावली. आवाज नाही, पण दुकानदार लगेच तिची वंशावळ सांगू लागला म्हणून तिने ती बाजूला ठेवली. मग काळी. माउस हलवला. गरागरा फिरवला. काही नाही… आणखी फिरवला, वेड्यासारखा, पडद्यावर तो बाण माशीसारखा सैरावैरा धावत होता आणि कानात नुसती शांतता, धुऊन वाळत घातल्यासारखी शांतता. किरकिर कानात असती तर ती आता कुठे गेली? कुठे गेली, सांगा ना सांख्यिकीवाले!

"सबसे ज़्यादा तो ये सफ़ेद वाला बिकता है, आंटीजी. सस्ता भी है."

"बिकता होगा," सुनीती म्हणाली. "मुझे ये काला चाहिए."

एल-टू. आयुष्यात पहिल्यांदा. कारण? कारण लिहायचं झालं तर एका ओळीचं: मला ऐकू येतं. घ्या, लावा फायलीला.

मेट्रोत बसायला जागा मिळाली नाही तर तिला त्याचंही काही वाटलं नाही. ती दांडा धरून उभी राहिली आणि ऐकत राहिली. पलीकडची बाई नवऱ्याला फोनवर झापत होती, ऐकू येत होतं. कुणाच्या तरी पिशवीत बांगड्या वाजत होत्या, ऐकू येत होतं. अगं आई, मला सगळं ऐकू येतंय गं! काल रात्रीपर्यंत मी म्हातारी होत होते आणि आज मी… काय आहे मी आज? तिला एकटीलाच हसू फुटलं. हौज खासला चढलेल्या कॉलेजच्या मुली बघायला लागल्या तरी तिने ते आवरलं नाही.

घरी कृतिका दिवाणावर लोळत होती, जयंत खिडकीशी पेपर वाचत होता. भाजी कुठाय, असं कुणी विचारलं नाही. सुनीती चपला काढून सरळ कंप्युटरशी गेली, काळी डबी लावली, हेडफोन चढवला आणि आपला धडा सुरू केला. पूर्णविराम. मग… पान उलटल्याचा आवाज. तिचा स्वतःचा श्वास. खूप लांब कुणाच्या तरी कुकरची शिट्टी, रजईला न जुमानता आत आलेली. केवढं काय काय होतं त्या शांततेत, आणि तिने ते इतके दिवस ऐकलंच नव्हतं! तिचे डोळे भरून आले.

"कृतिका! इकडे ये. आत्ताच्या आत्ता ये!"

कृतिका आली. सुनीतीने हेडफोन कंप्युटरच्या जुन्या भोकात खुपसून तिच्या कानांवर चढवला आणि दटावलं, गाणं लावायचं नाही. नुसतं ऐक, माउस हलव.

"शी! हे काय आहे?" कृतिकाने हेडफोन उपटूनच काढला. "हे तू रोज ऐकत होतीस? आई, सॉरी. खरंच सॉरी यार. मी तेव्हा नीट ऐकलंच नव्हतं." मग काळ्या डबीतून ऐकलं आणि तिचा चेहराच बदलला. "वॉव. बाबा! बाबा, इकडे या, आईचे कान एकदम परफेक्ट आहेत, आपणच येडे!"

जयंत तिसऱ्या हाकेला पेपर घडी करून आला. कृतिकाने उत्साहाने हेडफोन त्याच्या डोक्यावर बसवला. "हां, हे जुनं. ऐका. येतोय ना घाणेरडा आवाज?" आणि ती माउस हलवायला लागली.

हेडफोनची तार अजून काळ्या डबीतच होती. सुनीतीला दिसली, ती सांगणार होती, अगं, तार बदल… पण जयंतने डोळे मिटले होते, कपाळाला आठी घातली होती, अगदी मन लावून ऐकत होता तो. "हो," तो म्हणाला. "आहे खरा. बारीक आहे, पण आहे. मान गये, सुनीती."

कृतिकाने टाळ्या वाजवल्या आणि हेडफोन उतरवून घेतला. सुनीती तारेकडे बघत राहिली.

आहे म्हणाला… जिथे काहीच नाही तिथे, आहे म्हणाला. आणि जिथे होतं तिथे, काही नाही. तिच्या डोक्यात एकदम दारं उघडल्यासारखं झालं. स्वयंपाकघरातून मारलेल्या हाका, ज्यांना ओ आली नाही. मागच्या दिवाळीत बढतीचं कळल्यावर ती जिन्यातूनच सांगत वर आली होती आणि हा गृहस्थ पाठमोरा, आकाशकंदिलाची वायर जोडत बसला होता, वळलासुद्धा नाही. त्यावरून तिने केवढा अबोला धरला होता, पद्मजाला म्हणाली होती, भिंतीशी संसार करतेय मी. आणि पंक्तीतली ती कृतिकाची थट्टा – त्याला लागली नव्हती. पोचलीच नव्हती! घुम्या म्हटलं त्याला, शिष्ट म्हटलं, आणखी काय काय म्हटलं मनात… अरे देवा. आणि कानाच्या डॉक्टरची वेळ घेताना हा आत जाऊन, दार लोटून का बोलत होता?

"मग संध्याकाळची अपॉइंटमेंट कॅन्सल करून टाकते," कृतिका फोन शोधायला लागली.

"राहू दे ना," जयंत घाईने म्हणाला. "घेतलीच आहे तर…"

एक वाक्य पुरलं असतं. तार बघ म्हटलं असतं की खेळ संपला होता, इतक्या दिवसांचं उट्टं निघालं असतं, तर्कासकट. सुनीतीने हात पुढे केला, काळ्या डबीतून तार उपसली आणि कृतिकाचं लक्ष नाही असं बघून जुन्या भोकात लावून टाकली. कुणी ऐकून बघितलंच असतं तर आता तिथे खरोखरच किरकिर होती.

ती जिंकली होती, यात शंकाच नव्हती, आणि आतला आनंद तसूभरही कमी झाला नव्हता. पंख्याची घरघर, खालच्या भाजीवाल्याची आरोळी, सगळं तिला लख्ख ऐकू येत होतं. ती उठली आणि जयंतच्या समोर जाऊन, उजेड आपल्या तोंडावर येईल अशी उभी राहिली.

"राहू दे अपॉइंटमेंट," ती म्हणाली, सावकाश, एकेक शब्द सुटा करून. "जाऊ आपण दोघं."

जयंतने मान हलवली. तो तिच्याकडेच बघत होता. पण डोळ्यांकडे नाही, ओठांकडे. आणि सुनीती, एवढे धडधाकट कान असलेली सुनीती, आठवत राहिली, तो असा ओठांकडे कधीपासून बघतोय…