मेबल पास झाली

सापाच्या तोंडाला चिकटपट्टी गुंडाळायला दोन माणसं लागतात. एकानं मान धरायची, दुसऱ्यानं पट्टी फिरवायची. नाकपुड्या उघड्या ठेवायच्या.

*

आयलीन क्रॉसचा उन्हाचा चष्मा अजून तिच्या नवऱ्याच्या, एमेटच्या ट्रकमध्ये, समोरच्या काचेखाली पडलेला आहे. एका काडीवर दातांच्या खुणा आहेत.

*

ऑक्टोबरात लावे पक्ष्यांची शिकार सुरू होते, तरी साप बिळात गेलेले नसतात. सकाळचं ऊन खायला बाहेर येऊन पडतात.

*

तीस वर्षं ॲरिझोनातल्या तांब्याच्या खाणीत ट्रक चालवून एमेटचा डावा कान गेला. खिडकीकडचा.

*

माझ्याकडे बटण असतं.

*

मी व्हर्ना. आठवडाभर पशुखाद्याच्या दुकानात बसते. मार्चमधले आणि सप्टेंबरमधले शनिवार मात्र भावाबरोबर जातात, जत्रेच्या मैदानामागच्या उघड्या रेतीत. भाऊ ऑर्विल साप सांभाळतो. शेपटीचा खुळखुळा वाजवणारा, अंगठ्याएवढ्या जाड मानेचा, तोंडाला पट्टी लावलेला जिवंत साप तो रेतीत सोडतो. लोक आपापली कुत्री घेऊन येतात. कुत्र्याच्या गळ्यात आम्ही आमचा पट्टा घालतो. कुत्रं सापाला हुंगायला गेलं की मी बटण दाबते आणि पट्ट्यातून झटका बसतो. कुत्र्याला वाटतं, सापानंच केलं. त्यानंतर ते जन्मभर सापाच्या वासाला जात नाही.

नियम एकच. नाक जिथं, झटका तिथं. झटका बसताना कुत्रं ज्याच्याकडे बघत असेल, त्याला ते भिणार. जन्मभर.

*

यंदा सप्टेंबरच्या पहिल्या शनिवारी एमेट क्रॉस मेबलला घेऊन आला. मेबल पॉइंटर जातीची, पांढऱ्या अंगावर काळे ठिपके, सहा वर्षांची. कुत्री खरी आयलीनची. आयलीन जूनमध्ये गेली.

"पोरी, जरा जपून हं," एमेट मला म्हणाला. "विधुराची कुत्री आहे. दोघांना मिळून एकच हृदय उरलंय."

"तुमचं की तिचं?"

"तिचं. माझं डॉक्टरनं कधीच मोडीत काढलंय."

"एमेट, तोंडाला कुलूप," ऑर्विल ओरडला. "मालकानं बोलायचं नाही. बघा, साप कसा शहाणा आहे. पट्टी लावून गप बसलाय."

रांगेतले लोक हसले. एमेटनं ओठांवर बोट ठेवलं आणि दोरीमागे उभा राहिला.

*

मेबलचं नाक सापाकडे गेलं.

माझा अंगठा निघाला.

"मेबल, बाळा..." एमेटच्या तोंडून निसटलं.

मेबलनं मान वळवली. त्याच्याकडे बघितलं. शेपूट हलली.

अंगठा खाली पोचला.

*

ती किंचाळली ती त्याच्याकडे बघत.

आता काय करायचं असतं ते मला पाठ होतं. थांबायचं. मालकाला सांगायचं की चूक झाली. कुत्र्याला घरी पाठवायचं. पुढचे काही आठवडे मालकानं त्याला फक्त स्वतःच्या हातानं भरवायचं, हळूहळू, जोवर हात पुन्हा हात वाटत नाही तोवर. मग सापाचं बघायचं.

मी थांबले नाही. ऑर्विलची नजर सापावर होती, त्याला काही दिसलं नव्हतं. आणि तो दर शनिवारी सगळ्यांना सांगायचा, "आमच्या व्हर्नाचा अंगठा अकरा वर्षांत एकदा चुकला नाही." त्या सकाळीही सांगून झालं होतं.

*

शेवटी परीक्षा असते. साप मध्ये ठेवायचा, मालकानं पलीकडे उभं राहून हाक मारायची. शिकलेलं कुत्रं सरळ येत नाही. लांब वळसा घेतं, नाहीतर जागचं हलत नाही.

"मेबल! ये!" एमेटनं हाक मारली.

मेबल रेतीत पोट टेकून बसली. शेपूट पायांत. दुसरी हाक मारली तशी आणखी मागे सरकली.

लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"पास!" ऑर्विल म्हणाला. "बघा, याला म्हणतात शिक्षण. सोन्याचा तुकडा टाका, ही सापावरून यायची नाही."

एमेटही टाळ्या वाजवत होता. मेबल सापाकडे बघतही नव्हती. आमचा पिवळा बिल्ला मी तिच्या गळ्यात अडकवला. तिनं माझा हात चाटला. मी तिच्या मागे उभी होते, बटण दाबताना तिनं मला बघितलंच नव्हतं.

*

दुकानात, दहा दिवसांनी.

"ही माझ्या हातचं खात नाही, व्हर्ना," एमेट म्हणाला.

"कोण?"

"घरात दुसरं कोण आहे? भांडं ठेवून मी बाहेर गेलो की मग खाते. ट्रकखाली झोपते. मी दार उघडलं की उठून जाते."

"ऊन आहे फार. खाणं कमी होतंच."

"ऊन काय यंदाच आलंय का ॲरिझोनात?"

मी त्याचं खाद्याचं पोतं ढकलगाडीवर चढवायला लागले. त्यानं दुसरं टोक धरलं.

"आठवण येत असेल आयलीनची," मी म्हणाले.

"आठवण नाही." त्यानं पोतं खाली ठेवलं. "तिला ठाऊक आहे."

"काय ठाऊक आहे?"

मग तो सांगायला लागला, पोत्याकडे बघत. जूनमध्ये, दुपारी, तो बाहेरच्या खोलीत सामना बघत होता. स्वयंपाकघरात काहीतरी धप्पकन पडलं. त्याच्या उरलेल्या कानाला तेवढंच कळलं. त्याला वाटलं, मेबलनं पाण्याचं भांडं उलटवलं. तो बसल्या जागेवरून ओरडला, "मेबल, गप!" मेबल भुंकत राहिली. तो पुन्हा ओरडला. सामना संपल्यावर उठला, तेव्हा फरशीवर आयलीन होती.

"मेबल बोलावत होती मला," एमेट म्हणाला. "मी तिला गप बस म्हणालो. आता ती गप बसलीये."

"पण हे जूनमधलं. खाणं तर तिनं आत्ता सोडलं ना?"

"विचार करत असेल इतके दिवस." तो हसायला गेला. "माझ्यासारखी मंद नाही ती. पण न्यायाधीश सावकाशच निकाल देतात."

त्याच क्षणी सांगता आलं असतं. एक वाक्य होतं. एमेट, ती तुम्हाला भिते ती माझ्यामुळे. गल्ल्यापाशी दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. बर्फाचं यंत्र तेवढं घरघरत होतं.

"जरा वेळ जाऊ द्या," मी म्हणाले.

*

वेळ गेला. सप्टेंबर संपला. तो आणखी दोनदा आला. दुसऱ्यांदा त्यानं दाढी केली नव्हती.

*

शिकार सुरू व्हायच्या दिवशी सकाळी मी त्याला सांगायला निघाले. तो कुठं जातो हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. कोरड्या ओढ्यापाशी त्याचा ट्रक उभा होता. मेस्किटच्या काटेरी झाडांतून लाव्यांचा गलका येत होता. मी ओढ्याच्या काठानं चालत गेले तेव्हा एमेट मला पन्नास पावलांवर दिसला, बंदूक हातात. त्याच्या पुढे मेबल, पक्ष्यांच्या ओढीनं आलेली, पण त्याच्यापासून अंतर राखून. एका झुडपासमोर ताठ उभी होती, एक पाय वर, नाक पुढे. पॉइंटरला पक्ष्याचा वास आला की ते असंच थिजतं.

एमेटनं बंदूक उचलली. त्याला वाटलं, लावे आहेत.

मला खुळखुळा ऐकू आला.

"एमेट! साप! पक्षी नाही, साप आहे!"

ते त्याला ऐकू आलं. त्यानं बंदूक खाली घेतली आणि कुठल्याही मालकानं केलं असतं तेच केलं. "मेबल! इकडे! ये बाळा, ये!"

मेबलनं मान वळवली. त्याला बघितलं. अंग थरथरलं आणि ती एक पाऊल मागे सरकली. झुडपाकडे.

"बोलावू नका तिला!" मी पळत होते. "तुम्ही मागे व्हा! एमेट, मागे!"

तो पुढे गेला, हात पसरून, वाकून, लाडीगोडीच्या आवाजात. त्याचा डावा कान माझ्याकडे होता. तो एक पाऊल पुढे, ती एक पाऊल मागे. मला वेटोळं दिसत होतं, हिरवट रंगाचं. तिच्या मागच्या पायांपासून हातभर.

आणखी एक पाऊल.

सापानं मांडीला धरलं आणि सोडलं. बस्स, एवढंच. एमेटनं दोन गोळ्या झाडल्या, दोन्ही रेतीत गेल्या.

*

साप चावलेल्या कुत्र्याला चालू द्यायचं नसतं. उचलायचं असतं. एमेट उचलायला गेला की ती पाय फरफटत त्याच्यापासून लांब जायची. जितकी पळेल तितकं विष चढणार.

"थांबा," मी म्हणाले. "तुम्ही तिकडे वळून उभे राहा."

मी उकिडवी बसले. मेबल आपण होऊन आली आणि माझ्या गुडघ्यावर डोकं ठेवलं.

एमेटनं वळून बघितलं.

*

शहर सत्तर मैल. विषावरचा उतारा तिथल्या जनावरांच्या दवाखान्यात. एमेट चालवत होता. मी शेजारी, मेबल माझ्या मांडीवर, मी त्याच्या चांगल्या कानाच्या बाजूला. मांडीची सूज कुल्ल्यापर्यंत चढली होती. हिरवट सापाचं विष श्वासावर जातं, हे आम्हा दोघांना ठाऊक होतं.

मी सांगितलं. सगळं. नाक, हाक, अंगठा, टाळ्या. ती तुम्हाला भिते, एमेट, तिनं तुम्हाला दोषी ठरवलेलं नाही. कुत्र्यांना जून आठवत नाही. माझी चूक झाली आणि मी लपवली.

एमेटनं वेग वाढवला.

"तू चांगली बाई आहेस, व्हर्ना. आयलीनही म्हणायची."

"एमेट, खरं सांगतेय मी."

"असू दे."

"शपथेवर सांगते."

"खरं असतं तर तेव्हाच सांगितलं असतंस की," तो म्हणाला, समजूत घालावी तसं. "महिना झाला. मी तुझ्यासमोर उभं राहून सगळं ओकलो. खरं असतं तर तू मला तसं घरी जाऊ दिलं असतंस का? कोण जाऊ देईल?"

मी मेबलचं डोकं जरा वर उचलून धरलं.

"मनाला बरं वाटावं म्हणून सांगतेस. कळतं मला. पण नको."

मेबलचा श्वास तुटक झाला होता. मी तिच्या बरगड्यांवर हात ठेवला. चाळिसाव्या मैलाच्या पाटीनंतर हाताखाली काही हलेना. मी ते त्याला लगेच सांगितलं नाही. तो तसाच वेगात चालवत राहिला, पेट्रोल पंपापर्यंत, मग माझ्याकडे बघून त्यानं गाडी बाजूला घेतली.

"जाता जाता तरी बघितलं का तिनं माझ्याकडे?" त्यानं विचारलं.

"हो," मी म्हणाले.

"हेही खोटं," एमेट म्हणाला.

*

शिकारीच्या आदल्या दिवशी दुपारी एमेटनं दुकानात फोन करून विचारलं होतं, मेबलला शिकारीला नेऊ का. मी न्या म्हणाले होते.