निळी ज्योत विझेपर्यंत

ओतीलियाला त्या दिवशी भीती कशाची वाटत नव्हती ते विचारा. बर्फाच्या ओझ्यानं छप्पर खाली बसेल का, नवऱ्याची गाडी वाटेत कुठं रुतली असेल का, गेलेले दिवे परत येणार तरी का. गावरिल आदल्या दिवशी आपल्या आईला, म्हणजे सावेताबाईंना, डोळे दाखवायला खाली शहरात घेऊन गेला होता. मागून रात्रभर असा काही बर्फ कोसळला की डोंगराची वाट पार गडप झाली. घरात ती आणि दोन पोरं उरली: सहा वर्षांची इलिंका आणि तिच्या पाठचा, जेमतेम तीन वर्षांचा तोदेर. शेजारी उतारावरच होते, पण आज हाक मारली असती तर ती अंगणातच मुरली असती.

पोरांना कसली आलीय भीती! बाहेर जाऊ देत नाही म्हणून त्यांनी सकाळपासून घर डोक्यावर घेतलं होतं. तोदेरनं पत्र्याची बादली पालथी घालून लाटण्यानं बडवायला घेतली. इलिंकानं त्याला मेंढीच्या कातड्यात गुंडाळून लांडगा केलं आणि मग स्वतःच त्याला भिऊन किंचाळत सुटली. मामालिगा, म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट लापशी, दुधासकट जमिनीवर गेली. ओतीलियानं आधी समजावलं, मग दटावलं, मग एकेक धपाटा घातला आणि शेवटी हात जोडले, की बाबांनो, घटकाभर तरी तोंडं मिटा. ऐकतंय कोण!

दुपारी वारा फिरला आणि सगळी ऊब धुराड्यातून वर जायला लागली. भट्टीनं अर्धी खोली व्यापलेली; तिच्या सपाट माथ्यावर पोरांची अंथरुणं असत. धुराड्याची झडप लावली की ऊब सकाळपर्यंत घरात टिकते. पण ती केव्हा लावायची, हे सावेताबाईंनी सुनेला पहिल्याच हिवाळ्यात बजावलं होतं. निखाऱ्यांवरची निळी ज्योत पार विझेपर्यंत झडपेला हात लावायचा नाही, नाहीतर निखाऱ्यांचा विषारी वायू घरात कोंडतो. नातीला तर त्यांनी त्याची गोष्टच करून सांगितली होती: निळी बाई नाचतेय तोवर तिची वाट अडवायची नाही, नाहीतर ती घरातच येऊन बसते.

ओतीलियानं वाकून पाहिलं. निखारे छान लाल झाले होते. एका कोपऱ्यात तेवढं निळं काहीतरी लवलवत होतं, अगदी एवढंसं. तिनं त्यावर राख ओढली आणि झडप लावून टाकली.

"आई, निळी बाई गेली का?" इलिंकानं वरून विचारलं.

"गेली गं बाई, गेली. झोप आता."

आणि पोरं खरंच झोपली. ओतीलियाला वाटलं, देव पावला. ती विणकाम घेऊन खिडकीशी बसली. खिडकीच्या फटींवर तिनंच थंडीआधी खळ लावून कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या होत्या, वाऱ्याला सुईएवढी जागा ठेवली नव्हती. खोली मस्त उबली. डोकं मात्र ठणकायला लागलं होतं. कारटी दिवसभर डोकं खातात, दुसरं काय, असं ती मनात म्हणाली. सुई हातातून पडली. उचलायला वाकली तर जमीन फिरली आणि पोटात ढवळून आलं.

तेव्हा तिच्या लक्षात आलं, की तोदेर घोरत नाहीये. त्याचं नाक आठवडाभर चोंदलेलं होतं, तो झोपला की घोरायचाच.

"तोदऱ्या," तिनं हाक मारली. "इले."

वरून कुणी ओ दिली नाही.

ती कशीबशी भट्टीवर चढली. तोदेर हाताला लागला तो चिंधीसारखा लुळा. त्याला छातीशी धरून ती दारापर्यंत गेली आणि दार आत ओढलं. समोर कमरेएवढा बर्फ उभा. तिनं पोराला त्यावरच टाकलं. तो खोकला, ओकला, आणि त्यानं भोकाड पसरलं.

इलिंका जड होती. ओतीलियाच्या पायांत जीव राहिला नव्हता. तिनं पोरीच्या काखांत हात घालून तिला अक्षरशः फरफटत उंबऱ्यावर आणलं. तोंडावर बर्फ चोळला. गालावर चापट मारली, मग जोरात मारली. पोर निपचित. माझ्या हातानं मारलं मी हिला, एवढं एकच तिच्या डोक्यात घुमत होतं.

"ओरड गं," ती म्हणाली. "सकाळी ओरडत होतीस ना, तशी ओरड. मी काही बोलणार नाही."

पुन्हा बर्फ चोळला. पुन्हा हाक. मग केव्हातरी इलिंकाच्या पापण्या हलल्या, ती उलटीनं वाकली आणि थंडी वाजतेय म्हणून रडायला लागली. ओतीलिया तिला कवटाळून तिच्याहून मोठ्यानं रडली.

ओतीलियानं झडप उघडली, दारही सताड उघडं ठेवलं, आणि तिघं मेंढीची कातडी पांघरून उंबऱ्यापाशी कुडकुडत बसली. आत जायची तिची छाती होईना. इलिंकाचा आवाज अजून खोल होता.

"आई, तू म्हणालीस ती गेली."

"खोटं बोलले मी, बाळा."

इलिंकाचे डोळे परत मिटायला लागले. ओतीलिया धडपडत आत गेली, बादली आणि लाटणं घेऊन आली आणि तोदेरच्या हातात दिलं.

"बडव," ती म्हणाली. "ताईला झोपू द्यायचं नाही. अजून जोरात."

तोदेरनं आईकडे पाहिलं. यात काही डाव आहे की काय, असं त्याला वाटलं असावं. मग तो बडवायला लागला. अंधार पडला तरी ती त्याला थांबू देईना. हात दुखले म्हणून तो मध्येच थांबला, की ओतीलिया आधी इलिंकाच्या नाकाशी बोट धरायची आणि मगच स्वतः श्वास घ्यायची.