वळणावरच्या डब्या

पूर्णिमा चंद्रपूरची. वडील कोळशाच्या खाणीत कामाला होते, म्हणून पुण्यात हिंजवडीतल्या तिच्या कंपनीने तिकडच्याच एका खाणीचं काम घेतलं तेव्हा रंगनाथ सरांनी तिला मुद्दाम आपल्या टीममध्ये ओढलं. जमिनीखाली मोबाइल चालत नाही आणि दगड पडला की केबल तुटते. त्यामुळे प्रत्येक कामगाराच्या पट्ट्याला एक वायरलेस डबी लावायची. एकाचा निरोप शेजारच्याच्या डबीतून पुढे, तिथून आणखी पुढे, असा खाणीच्या तोंडापर्यंत पोचायचा. तो कोणाकोणाच्या डबीतून जाईल, हे ठरवणारा प्रोग्राम पूर्णिमाचा.

जवळचा रस्ता धरला की निरोप झटकन जाई. पण मग बोगद्याच्या वळणावर काम करणाऱ्यांच्या डब्यांवरच सगळा भार पडे आणि पाळी संपायच्या आत त्यांची बॅटरी उतरे. पूर्णिमाने बॅटरी बघून रस्ता बदलायची सोय केली. निरोप थोडा रेंगाळे, पण डब्या टिकत.

"उशीर होतोय," सर म्हणाले. "डेमोला क्लायंट वेग बघणार, बॅटरी नाही."

"सर, पण खाणीत..."

"खाणीत आपण उतरणार आहात का? जवळचाच रस्ता ठेवा."

तिने ठेवला. डेमो झकास झाला, खाणीने डब्या घेतल्या.

पुढच्या पावसाळ्यात खाणीत छत कोसळलं. टोकाला एकटाच पंप बघणारा भीमराव ढिगाऱ्यात अडकला. त्याची डबी निरोप पाठवत राहिली, पण वळणावरच्या डब्या केव्हाच बंद पडल्या होत्या. पाळी सुटल्यावर तो वर आला नाही, तेव्हा कुठे शोधाशोध झाली. जीव वाचला, पाय गेला.

खाणीच्या साहेबांचा फोन आला. सरांनी तो स्पीकरवर घेतला. "कामगारांनी डब्या चार्जच केल्या नसणार," ते म्हणाले.

"केल्या होत्या," पूर्णिमा मध्येच बोलली. "आम्ही ठेवलेल्या रस्त्यामुळे त्या उतरल्या."

सर हसून म्हणाले, "मॅडम तिकडच्याच आहेत. गाववाल्यांचा कळवळा असणारच." साहेबही हसले. सोमवारी पूर्णिमाला एका बँकेच्या कामावर टाकलं. तिने खाणीला खरं कारण लिहून मेल केली. उत्तर आलं नाही. डबी चार्ज केली नाही, असा हलगर्जीपणाचा ठपका ठेवून भीमरावला घरी बसवलं.

दिवाळीनंतर डबीची नवी आवृत्ती निघाली. आत पूर्णिमाचीच ती बॅटरी बघून रस्ता बदलणारी सोय होती. खाणीने तीही विकत घेतली.

"अभिनंदन," सर म्हणाले. "शेवटी आपलंच काम लागू झालं."

त्या संध्याकाळी कंपनीची बस हिंजवडीच्या चौकात अडकून पडली होती. पूर्णिमाने वडिलांकडून नंबर घेऊन भीमरावच्या बायकोला, सुंदराबाईंना फोन लावला. स्वतःची ओळख सांगितली. वळणावरच्या डब्या का बंद पडल्या तेही सांगितलं, काही न लपवता.

सुंदराबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "मंग आता चांगली झाली का डबी?"

"हो."

"हे तुले पयलेच मालूम होतं?"

"हो. मी सांगितलं होतं, पण सर..."

"सांगतलं होतं," सुंदराबाई म्हणाल्या, आणि फोन ठेवला.