नगण्य पादचारी

सोमवारी सकाळी त्या रस्त्याच्या दोन्ही तोंडांना फलक लागले आणि दुपारपर्यंत सगळा रस्ता पेटून उठला. फलकावर होतं तरी काय? 'सकाळी आठ ते अकरा व दुपारी चार ते सात आरपार जाणाऱ्या वाहनांस मनाई.' त्याखाली बारीक अक्षरांत, 'रहिवाशांच्या व दुकानांत येणाऱ्या वाहनांस सूट. एक महिना प्रायोगिक.' पण बारीक अक्षरं वाचतो कोण? वरच्याच ओळीवर प्रत्येकाने आपापलं डोकं तापवून घेतलं. 'रस्ता बंद केला' एवढंच या तोंडातून त्या तोंडात गेलं आणि संध्याकाळपर्यंत लोक असे बोलू लागले, की जणू उद्यापासून इथे भिंतच उभी राहणार आहे.

हा उपनगरातला घरांचा आणि दुकानांचा साधा रस्ता. दोन हमरस्त्यांच्या मधोमध. इथून घुसलं की दोन सिग्नल वाचतात, हा शोध गाडीवाल्यांना लागला होता. या लोकांना इथे कुणाला भेटायचं नसतं की काही घ्यायचं नसतं. घुसायचं, हॉर्न बडवायचा आणि पलीकडे निघून जायचं. आपल्या दारातून रोज हजारो परके लोक वाट काढतात याचा राग कुणाला आला नाही. राग आला तो त्यांना अडवणाऱ्या फलकाचा. याला काय म्हणावं!

विरोधाचं पुढारीपण टायरवाल्याने घेतलं, कारण आवाज त्याचा मोठा. लिखापढी पडदेवाल्याकडे आली, कारण अक्षर त्याचं चांगलं. पडदेवाल्याचं दुकान रस्त्याच्या बरोबर मध्यावर, त्याच इमारतीत वर तिसऱ्या मजल्यावर घर. गाडी थांबवून पडदे, सोफ्याची कव्हरं पसंत करणारी गिऱ्हाइकं हाच त्याचा धंदा. त्यांना सूट होती, हे त्याने वाचलं होतं. तरी टायरवाला पोटावर पाय आल्याच्या गोष्टी करू लागला तेव्हा यानेही त्याचीच री ओढली. चार माणसांत वेगळं बोलायचं म्हणजे जिवावर येतं. आपलं सगळ्यांचंच असं होतं.

हरकतीचा अर्ज त्याने एका बैठकीत लिहून काढला. अर्जातला मुख्य मुद्दा बिनतोड वाटावा असा होता. 'या मार्गावरील पादचाऱ्यांची संख्या नगण्य आहे. तरी ही मनाई कोणासाठी?' पुरावा हवा म्हणून बुधवार, गुरुवार, शुक्रवार दुकानाच्या काचेआड बसून चालणारी माणसं मोजायची ठरली. शनिवारी शाळेच्या सभागृहात महापालिकेचे साहेब हरकती ऐकणार होते, तिथे तो आकडा तोंडावर फेकायचा होता.

आणि एवढ्यावर तो थांबला नाही. मंगळवारी त्याने अस्तराच्या जाड कापडाच्या दोन खोळी शिवून घेतल्या, फलकाच्या अगदी मापात, कोपरे दुमडून, खाली नाडी ओवून. बुधवारी सकाळी सात वाजता तो आणि टायरवाला शिडी घेऊन गेले आणि दोन्ही फलकांना त्या चढवून आले. चोरून केलेलं काम, पण शिलाई बघून टायरवाल्याने त्याची पाठ थोपटली. तोही खूश झाला. बुधवारी आठनंतर गाड्या नेहमीसारख्या सुरू झाल्या आणि तासाला सात माणसं रस्ता ओलांडताना दिसली. सात!

आता त्याच्या आईबद्दल सांगायला हवं. आई त्र्याहत्तर वर्षांची. तीस वर्षं परिचारिका होती, आणि तीही दवाखान्यात बसून राहणारी नव्हे. खांद्याला लशींची पेटी अडकवून ती घरोघर पायी हिंडायची. अशी बाई गेली दोन वर्षं घराबाहेर जवळजवळ पडलेली नव्हती. कुणी विचारलं, की पडदेवाला सांगायचा, आईचे गुडघे गेले. गुडघ्यांना काहीएक झालेलं नव्हतं. ती रोज सकाळी या खोलीतून त्या खोलीत शंभर फेऱ्या मारायची, हे त्याला दिसत होतं. पण गुडघे गेले म्हटलं की पुढचा प्रश्न येत नाही.

तिची धाकटी बहीण, म्हणजे याची मावशी, समोरच्याच इमारतीत राहायची. मध्ये रस्ता, पंधरा पावलांचा. दोन महिन्यांपूर्वी मावशीला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं तोंडातल्या तोंडात अडकायला लागलं. आईला रोज तिच्याजवळ जाऊन बसायचं होतं. तिला उताणं-कुशीवर कसं करावं, हातापायांना व्यायाम कसा द्यावा, हे आईइतकं त्या घरात कुणाला कळत नव्हतं. डॉक्टर सांगत होते, की हात सुधारायचा तर हेच काही महिने महत्त्वाचे. पण रस्ता कसा ओलांडणार? पडदेवाला तिला रविवारी गाडीतून न्यायचा. टोकापर्यंत जाऊन, वळसा घालून, पलीकडे जागा शोधून पंधरा पावलांसाठी अर्धा तास जायचा. मग वीस मिनिटं बसायचं, त्यातही हा घड्याळाकडे बघणार.

गुरुवारी सव्वानऊला तो काचेआड बसून कागदावर रेघा ओढत होता. मागे मशीनवर शिवणाऱ्या ताई पडद्याला पट्टी लावत होत्या. पंधरा वर्षं त्या दुकानात होत्या, आणि या मोजणीवर त्यांनी अजून अवाक्षर काढलं नव्हतं.

"दादा," त्यांनी विचारलं, "जे नुसतेच कडेला उभे आहेत, त्यांना मोजायचं का?"

"नाही. रस्ता ओलांडला तरच एक," तो वर न बघता म्हणाला.

ताईंनी मशीन थांबवलं. "मग काकूंना मोजू नका."

त्याने मान वर केली. दुकानाच्या दहा हात पलीकडे त्याची आई उभी होती. इस्त्रीचे कपडे, हातात कापडी पिशवी. तिने एक हात वर केला, पाय खाली टाकला. गाडीने वेग वाढवला, हॉर्न वाजला, पाय मागे आला. पुन्हा हात, पुन्हा पाय, पुन्हा मागे. तीस वर्षं अख्खी वस्ती पायाखाली घातलेली बाई आपल्याच दारात लहान मुलीसारखी चाचपडत होती आणि तिच्यासाठी एक गाडी थांबेना. एकाने वेग कमी केला, तोही काच खाली करून बोलायला. पडदेवाला धावत बाहेर आला तेव्हा त्याच्या कानावर पडलं, "आजी, मरायचंय का? घरी बसा ना."

पडदेवाल्याच्या डोक्यात तिडीक गेली. त्याने गाडीच्या टपावर थाप मारली. "या वेळी इथून जायला मनाई आहे, डोळे फुटले का तुझे?"

गाडीवाला जराही घाबरला नाही. "मनाई? कुठे लिहिलंय? दाखवा मला."

काय दाखवणार होता तो? गाडीवाल्याने काच वर केली आणि तो निघून गेला.

आईला त्याने दुकानात आणून बसवलं. ती घाबरली नव्हती. ती संतापली होती.

"मंगळवारी रात्री तूच जेवताना सांगितलंस ना, फलक लागला म्हणून?" ती म्हणाली. "मला वाटलं, आता जाता येईल. कालही मी वीस मिनिटं उभी होते. तू तिथे काचेत बसला होतास. मी तुला हात केला, पण तुझं लक्ष नव्हतं."

काल! काल तो बघत होता तो रस्त्याच्या मध्ये. कडेला कोण उभं आहे, हे त्याने बघितलंच नव्हतं.

समोर हरकतीचा अर्ज पडला होता, वर 'तासाला सात' असा कालचा आकडा टाचलेला. आईने चष्मा लावला आणि तो सगळा वाचला, सावकाश, औषधाच्या बाटलीवरचं वाचावं तसा. मग एका शब्दावर बोट ठेवलं.

"नगण्य म्हणजे काय रे?"

"म्हणजे... फार कमी," तो म्हणाला.

"नाही. नगण्य म्हणजे मोजायच्या लायकीचं नाही ते. तू मला असं लिहिलंयस."

"आई, ते तुला उद्देशून नाही."

"मग कुणाला? तुझे ते सात सोडून राहिलेले सगळे म्हणजे मीच की. ऐक. लस टोचायला जायचो तेव्हा आम्हीसुद्धा मोजायचो. अंगणात खेळणारी मुलं मोजून मी परत आले असते तर माझ्या साहेबांनी मला घरी पाठवलं असतं. जे पोर दिसत नाही ते आधी शोधायचं, कारण तेच आजारी असतं, तेच आत निजलेलं असतं. बंद दारावर खडूने खूण करायची आणि पुन्हा जायचं. तू एकही दार वाजवलं नाहीस. काचेत बसून मोजलंस आणि लिहून मोकळा झालास, की इथे कुणी चालतच नाही. अरे, चालतील कसे? चालू देता का तुम्ही?"

खोळींचं त्याने तिथेच, मान खाली घालून सांगितलं. आईने चष्मा काढून मिटला. मग एवढंच म्हणाली, "माझ्या बहिणीचे दोन दिवस घालवलेस तू." आणि जिना चढून वर गेली.

हे ऐकून त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याने शिडी घेतली आणि भर सकाळी, सगळ्या रस्त्यादेखत दोन्ही खोळी उतरवल्या. टायरवाला दुकानातून ओरडत आला, पण याने शिडीवरून खाली बघितलंही नाही. दुपारपासून तो आणि शिवणाऱ्या ताई इमारतीइमारतीत फिरले. दार वाजवायचं आणि एकच विचारायचं, या रस्त्याच्या भीतीने घरी बसलेलं कुणी आहे का? दारादारांतून माणसं निघाली. व्हीलचेअरवरचा निवृत्त टपाल कर्मचारी. शाळेला एकटं न सोडता येणारी जुळी. डोळ्यांचं ऑपरेशन झालेल्या बाई, ज्यांना समोरच्या फार्मसीतून थेंबांची बाटली आणायलाही शेजाऱ्यांचे पाय धरावे लागत. दोन दिवसांत साठ माणसं झाली आणि निम्मी दारं अजून वाजवायची होती.

शनिवारी सभागृह खच्चून भरलं. अर्ज वाचायला पडदेवाला उठला. 'नगण्य' या शब्दापर्यंत आला आणि थांबला.

"साहेब, हा शब्द मी लिहिला, आणि हा खोटा आहे," तो म्हणाला. फलक आपण झाकला, आपली आई आपल्याच काचेसमोर उभी होती आणि तिला आपण मोजलं नाही, हे त्याने सगळ्यांपुढे सांगितलं. मग ती साठ माणसं वाचून दाखवली, एकेक. टायरवाला फितूर म्हणून ओरडला. मागून कुणी खुर्ची आपटली. पण चौदाव्या माणसापाशी सभागृह शांत झालं, कारण ती टायरवाल्याची स्वतःची सासू होती. दार त्याच्या बायकोने उघडलं होतं आणि नाव तिने सांगितलं होतं. टायरवाला खाली बसला. तो बदलला असं मी म्हणणार नाही. त्या दिवशी तो गप्प बसला, एवढं खरं. साहेबांनी मनाई महिनाभर चालू राहील असं सांगितलं आणि पुढचं ठरवताना ती साठ माणसं आपल्यासोबत बसतील, असं लिहून घेतलं.

खोळी निघाल्यावरही दोन दिवस गाड्या सवयीने घुसतच होत्या. सोमवारी नऊ वाजता आई एकटी रस्ता ओलांडून गेली. एक गाडी आली, ती थांबली. अकराला दहा कमी असताना ती परत आली आणि दुकानात येऊन बसली. डोळे लाल झालेले होते.

मावशीने तिला बघितल्याबरोबर रडून घेतलं होतं आणि मग अर्ध्या तोंडाने, अडखळत, पण कळेल असं विचारलं होतं, "समोर राहतेस. दोन महिने रविवारचीच येतेस. कंटाळलीस का गं माझा?"

"मी काय सांगणार होते तिला?" आई म्हणाली.

बहिणीला बहीण नकोशी झाली असं त्या आजारी जिवाला दोन महिने वाटत राहिलं, आणि कशापायी? कुणाचे तरी दोन सिग्नल वाचावेत म्हणून. नागरिकहो, आपल्या रस्त्यावर असा फलक लागला तर चिडण्याआधी तो शेवटपर्यंत वाचा. 'इथे चालतंच कोण' असं म्हणण्याआधी शेजारचं दार वाजवा. तिथेही कुणी नसेल, तर आपल्या घरात जाऊन बघा, गुडघे गेले म्हणून कुणाला बसवून ठेवलंय.