मुरगूडपर्यंत आवाज

ताज्या दुधाचा फेस आधी मधोमध खचतो. कडेचे बुडबुडे पेल्याला धरून राहतात. विद्याश्री ते पाहत राहिली.

"मॅडम, प्या की! हितंबी तपासताय व्हय?" म्हशीच्या कासेजवळून आकाराम ओरडला.

गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर धारोष्ण दूध प्यायला जमलेले लोक हसले. विद्याश्रीही हसली. दिवसभर ती डेअरीच्या प्रयोगशाळेत दूधच तपासायची. संध्याकाळी इथे येऊन आकारामच्या नातीला, क्रांतीला, स्वतः लिहिलेली गोष्ट वाचून दाखवायची. मुलांसाठी लिहायला ती एका शिबिरात शिकत होती. पहिल्या गोष्टीत तिने म्हशीच्या पोटाचे चारही कप्पे नावांसकट घातले होते. क्रांतीने जांभई दिली, कप्पे गेले.

आताची गोष्ट चंद्रीची होती. चंद्री ही आकारामची खरीखुरी म्हैस. दिवाळीच्या पाडव्याला शिंगे रंगवून, मोरपिसे लावून म्हशी रस्त्यावर पळवतात, तेव्हा सायलेन्सर काढलेल्या त्याच्या बुलेटच्या आवाजामागे तीच सगळ्यांच्या पुढे असायची. गुडघे गेले तशी आकारामने एकच म्हैस ठेवली. चंद्री लांब मुरगूड गावाला विकली आणि नातीला सांगितले, "दिवाळीला येती बघ." ती दिवाळी गेली.

विद्याश्रीला मात्र तो बाजूला घेऊन म्हणाला होता, "रमलीया तिथं. व्यालीया. आता कुटली येती?"

तेव्हापासून गोष्टीचा शेवट अडला होता. शिबिरातल्या बाई म्हणायच्या, मुलांची गोष्ट गोड संपवावी. विद्याश्रीने चंद्रीला दोनदा घरी आणले आणि दोन्ही वेळा ते पान फाडले.

आज ती पुन्हा वाचू लागली. पाडव्याची सकाळ. आजोबा रिकाम्या गल्लीत बुलेट सुरू करतात. आवाज कळंब्याच्या तळ्यावरून, उसाच्या फडांवरून...

ती थांबली. "खरं तर एवढ्या लांब आवाज जात नाही गं."

"गोष्टीत जातोय की!" क्रांती वैतागली. "पुढं वाचा."

"मुरगूडच्या गोठ्यात चंद्री कान टवकारते."

"मग?"

पुढे कागद कोरा होता. क्रांतीने तिची बाही धरली.

"मावशी, मी कवाधरनं वाट बघालोय. आज्जा नुस्तं येती, येती म्हणतोय. येती का न्हाय, तुमी सांगा की."

आकारामच्या चरवीत पडणाऱ्या धारांचा आवाज थांबला.

विद्याश्रीने कागदाची घडी घातली. मुलीकडे पाहत, नेहमीपेक्षा सावकाश ती म्हणाली, "चंद्रीला आवाज ऐकू येतो, बाळा. तो तुमच्याच बुलेटचा आहे, हेही तिला कळतं. पण ती परत येत नाही."