टायर्ड-टायरिंग

"आजी, मशीन जरा थांबवा ना. सरांचं लक्ष जातं," बोलायला शिकवणारी ताई म्हणाली.

"माझ्या मशीनने यांचं लक्ष उभ्या जन्मात कधी ढळलं नाही," म्हातारी फणकारली. पण पाय थांबवला.

ताईने कपाचं चित्र पुढे धरलं. "सर, हे काय आहे?"

सर नुसते बघत राहिले. अर्धांगवायूचा झटका आल्यापासून त्यांच्या तोंडून शब्द फुटला नव्हता.

"जन्मभर इंग्रजी शिकवलेल्या माणसाला कप काय विचारतेस, बाई?"

ताईने चित्रं आवरली. "खोटी आशा लावत नाही, आजी. अजून थोडे दिवस बघू. नाहीतर..." पुढचं ती दारातच गिळून गेली.

याच खोलीत सरांची शिकवणी भरायची. कोपऱ्यात हिचं शिलाई मशीन, बाकी सगळी पोरं. मशीनच्या तालावर टेबलावर टिचकी मारून सर एकेक शब्द टाकत, आणि पोरं त्याला शेपट्या लावत: बोअर्ड, बोअरिंग! टायर्ड, टायरिंग! एखाद्याच्या डोक्यात प्रकाश पडेना, की सरांचं बोट कोपऱ्याकडे वळे. "थकवतं ते मशीन, टायरिंग. थकल्या त्या आमच्या बाईसाहेब, टायर्ड!"

"थकतील तुमचे दुश्मन!" मान वर न करता ही ठणकावायची. पोरं खो खो हसायची. दर वर्षी पोरं नवी, टोमणा तोच.

चौथीत शाळा सुटलेल्या तिच्या कानांना सगळ्या शेपट्या पाठ झाल्या; जिभेवर मात्र तिने एकही येऊ दिली नाही. दुसऱ्यांना हसवणं वेगळं, स्वतःचं हसं करून घेणं वेगळं.

तिने पुन्हा मशीनवर पाय मारला. सुईत दोरा नव्हता, खाली कापड नव्हतं.

"बोअर," ती म्हणाली. आवाज चोरटा निघाला. "अहो, हसायचं तर हसा खुशाल. बोअर!"

खुर्चीच्या हातावर सरांचं बोट हललं. टक.

"टायर!"

टक. टक. ओठ वाकडे झाले, हनुवटीवर लाळ ओघळली. मग ते बोट उचललं गेलं आणि हळूहळू कोपऱ्याकडे वळलं.

"टा... यर्ड."

ठेवणीतलं उत्तर तिच्या ओठांवर आलं आणि तिथेच राहिलं.

"हो," ती म्हणाली. "थोडीशी."

बोट अजून तिच्याकडेच रोखलेलं होतं.

"आता मशीनचं सांगा," ती म्हणाली. रिकामी सुई वरखाली होत राहिली.