ताईच्या खात्यावरची परवानगी

छपाईची परवानगी काढून घेतली, तरी पडद्यावरचं प्रिंटरचं चित्र नाहीसं होत नाही. ते फक्त फिकट होतं. माऊसने त्यावर कितीही टिचक्या मारल्या तरी काही घडत नाही, आणि का घडत नाही हे यंत्र सांगत नाही. बसलेल्या माणसाला वाटतं, आपलंच काहीतरी चुकतंय.

शाळेतले संगणक सगळ्यांचे होते. कुणीही शिक्षकाने कुठल्याही संगणकावर बसावं, आपलं नाव आणि पासवर्ड घालावा, काम उरकून उठावं. कुणाच्या खात्यावरून कोणत्या प्रिंटरवर छापता यावं, हे मात्र धाकटी ठरवायची. ती संगणक शिकवायची. तिची ताई त्याच शाळेत गणित शिकवायची, आणि दोघी एकाच घरात राहायच्या. त्यामुळे शाळेत त्यांची नावंच पडली होती, थोरली आणि धाकटी.

सुरुवात चाचणीच्या प्रश्नपत्रिकेपासून झाली. ताईने ती छापायला दिली आणि कागद निघाले मुलांच्या संगणकखोलीतल्या प्रिंटरवर. मुलं मैदानावर होती म्हणून निभावलं. धाकटीने कागद उचलले, घडी घालून पर्समध्ये कोंबले आणि ताईच्या खात्यावरून तो प्रिंटर काढून टाकला. मग शिक्षकांच्या खोलीत भूमितीच्या एकाच पानाची चळत साचू लागली. ताई छापायची, विसरायची, पुन्हा छापायची.

"बाई, निवडणुकीला उभ्या राहताय की काय?" इतिहासाचे सर म्हणाले. "घरोघर वाटायचीत का ही?"

सगळे हसले, ताईही हसली. धाकटीने तोही प्रिंटर काढला.

"नवा नियम आलाय, ताई. फाइल मला पाठवत जा, मी छापून आणते."

"मोठी आली नियमवाली! माझ्या वहीत बघून गणितं उतरवायचीस, तेव्हा कुठे होते गं नियम?"

तेव्हाच बोलायला हवं होतं. घरीही ताई एकाच चहात दोनदा साखर घालत होती, शेजारणीला तोच प्रश्न फिरून विचारत होती. जेवताना धाकटी शब्द जुळवायची, तोंड उघडायची आणि "भाजी वाढ" म्हणायची. आईवडिलांच्या मागे ताईनेच तिला लहानाचं मोठं केलं होतं. अशा माणसाला हे कोणत्या तोंडाने सांगायचं? त्यापेक्षा संगणकावरची परवानगीची एक खूण काढणं सोपं होतं.

आज शाळा सुटल्यावर ताई संगणकाच्या खोलीत आली आणि खुर्ची ओढून बसली.

"छोटे, मला प्रिंट काढायला शिकव."

"अगं, तो नियम..."

"नियम राहू दे. मी उठले, त्याच खुर्चीत इतिहासाचे सर बसले, आणि खटाखट कागद बाहेर! वर मला म्हणतात, बाई, यंत्र तुम्हाला घाबरतं, पाढे विचाराल म्हणून." ताईने चष्मा काढून पुसला. "मग कारकुनांना विचारलं. त्यांनी दाखवलं तसंच्या तसं केलं. नाही येत. सगळे गेले की मी एकटी बसून सराव करते गं. माझं विसरणं मला कळत नाही असं नाही. नावं जातात, साखर जाते. म्हटलं, वय झालं. पण हे तर हातातलं काम. हेही गेलं म्हणजे..."

तिने वाक्य पुरं केलं नाही.

ताई आपल्या चुका मोजत होती, आणि त्यांत धाकटीने घडवलेल्याही मिसळल्या होत्या. उपकरणच बिघडवून ठेवल्यावर मोजमापाला काय अर्थ? आपलं खरोखर किती हरवलंय, हे ताईला यापुढे कळायला मार्ग नव्हता, आणि तो मार्ग तिच्या बहिणीनेच बुजवला होता.

समोर ताईचं खातं उघडता आलं असतं. खूण परत लावायला क्षणभर पुरला असता. "आलं की गं!" म्हणत ताई खुशीत घरी गेली असती. धाकटीचा हात माऊसकडे गेला. तिने तो मागे घेतला आणि ताईच्या हातावर ठेवला.

"हे तू विसरली नाहीस, ताई. तुझी परवानगी मी काढली. तुला न सांगता."

"का?"

"प्रश्नपत्रिका मुलांच्या खोलीत निघाली होती. मग त्या चळती. मला बोलायचा धीर झाला नाही."

"आणि मी इथे वेड्यासारखी बटणं दाबत बसले." ताईचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "तू बघत होतीस?"

"हो. दारातून."

बाजूच्या वर्गात कुणीतरी बाकं सरकवत होतं. ताईने हात काढून घेतला नाही, पण मान खिडकीकडे वळवली.

"ताई," धाकटी म्हणाली, "आपण उद्या डॉक्टरांकडे जाऊ. तुझ्या विसरण्याचं दाखवायला. मी येते बरोबर."